तिथीच्या पाऊणपट

मे महिन्याची सुट्टी अलिबागजवळ किहीमला मामाकडे जायची. रात्री जेवणं झाली की आम्ही भावंडं सुरूच्या बनातून वाळूवर जायचो, आणि समुद्रात डाव्या हाताला खांदेरीच्या किल्ल्यावरचा दिवा लुकलुकत असायचा. मामा म्हणायचा, "जरा मोठे व्हा, मग जाऊ." मामा गेला, घर विकलं, मी पन्नाशी ओलांडली. सिंधुदुर्ग दोनदा झाला. जंजिऱ्याला तर शाळेच्या सहलीपासून पाहुण्यांना दाखवण्यापर्यंत किती वेळा गेले त्याचा हिशोब नाही. खांदेरी राहिली ती राहिलीच.

कारण अगदी साधं होतं. जंजिऱ्याला तिकीट काढलं की होडीत बसता येतं. खांदेरीला तशी रोजची होडी नाही. बोट आपण ठरवायची, परवानगीचा कागद आपण काढायचा, आणि भरती कधी आहे ते आपण बघायचं. या तिन्हींपैकी आम्हा पुण्याच्या माणसांना फक्त मधलं जमतं, तेही अर्ज भरायची सवय आहे म्हणून.

2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरीचं नाव वाचलं आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आता सगळं जग तिकडे धावायच्या आत आपण जाऊन येऊ." सगळं जग अजून तरी धावलेलं नाही, पण त्या धास्तीने आम्ही हललो हे खरं.

डिसेंबरात एका शनिवारी मी, बहीण आणि तिचा नवरा थळला गेलो, फक्त बोट बघायला. अलिबागहून उत्तरेला पाच-सहा किलोमीटर. कोळीवाड्यात शिरलं की आधी वास येतो, मग बांबूंच्या मांडवावर ओळीने लटकलेले बोंबील दिसतात. पहिल्याच माणसाने "दोन हजार द्या, बसा" म्हणून विषय संपवला. लाईफ जॅकेट? "काय्येक होत नाय." मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. 2024 च्या डिसेंबरात घारापुरीच्या वाटेवर बोट बुडून माणसं गेली, ते त्याच्या डोक्यात ताजं होतं. मासेमारीची होडी वेगळी आणि माणसं न्यायचा परवाना असलेली होडी वेगळी, ही गोष्ट किनाऱ्यावर विचारायला संकोच वाटतो. समोरचा पन्नास वर्षं समुद्रावर आहे आणि आपण त्याच्याकडे कागद मागतोय. पण मागावा. आम्ही चौथ्या माणसापाशी मागितला तेव्हा त्याने आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून तो काढून आणला आणि वर म्हणाला, "बरं केलंस बाय, विचारलंस."

हे आमचे नाखवा. साठीचे, कमरेला लुंगी, अंगात कुठल्यातरी क्रिकेट स्पर्धेचा टी-शर्ट. नाव लिहीत नाही, त्यांना नको होतं.

"कवा यायचंय?"

"जानेवारीत. एखादा रविवार."

ते हसले. "रविवार तुमचा. पान्याला रविवार नाय." मग भाच्यासारख्या वयाच्या पोराला शिकवावं तसं त्यांनी मला ते गणित सांगितलं, जे माझ्या आजोळच्या प्रत्येक माणसाला येत असणार आणि मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिथी घ्यायची. तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं, दुपारी बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, भरतीही तितकीच रोज मागे सरकते, म्हणून हे जमतं. मी नंतर मुंबईच्या भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं. आमच्या दिवसाला पाऊण तासाचा फरक पडला. नाखव्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? पाऊन तास आधी येऊन बसायचं."

दिवस निवडणं मात्र नुसतं गणिताचं काम नव्हतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. माझ्यासारख्या घाबरटाला भांगच बरी वाटली. पण भांगेला ऐन दुपारी सुकती, म्हणजे भल्या पहाटे जा किंवा संध्याकाळी जा. पौर्णिमेला उधाण. भरती दुपारी बाराच्या आसपास, वेळ सोयीची, पण पाण्याला ओढ भारी आणि उतरताना बोट धक्क्यावर आपटते. शेवटी ठरली शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी चढत्या पाण्यावर निघायचं, भरलेल्या पाण्यात बेटावर उतरायचं, आणि पाणी फार खाली जायच्या आत परत. तो दिवस निघाला मधल्या वारी. मेहुण्याने रजा टाकली. भाच्याची शाळा बुडाली, त्याबद्दल त्याने कुणालाही दोष दिला नाही.

परवानगीचं थोडक्यात. अर्ज, सगळ्यांची नावं, आधारच्या प्रती, तारीख, बोटीचा नोंदणी क्रमांक. इथे एक गंमत आहे. अर्जाला बोटीचा नंबर लागतो आणि बोटवाला म्हणतो आधी कागद दाखवा. आमच्या नाखव्यांनी विश्वासावर नंबर दिला म्हणून गाडी पुढे सरकली. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा संरक्षित, वर दीपगृह चालू स्थितीत, तेव्हा विचारपूस होणारच. नियम बदलत असतात, जाणाऱ्याने त्या त्या वेळी चौकशी करावी. बोटीचे पाच हजार ठरले, डिझेलसकट. अर्धे आधी. आणि एक अट त्यांची: "मी बोललो निंगा, का निंगायचं. फोटो-बिटो नाय." आम्ही जोरजोरात माना डोलावल्या. पुढे काय झालं ते येईलच.

आदल्या रात्री अलिबागला मुक्काम. बहिणीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली. माणशी दोन लिटर पाणी. बेटावर टाकी आहे, पण त्यातलं पाणी प्यायची माझी तयारी नव्हती. पायात मागून पट्टा असलेले सँडल, कारण नुसती चप्पल शेवाळावर पहिल्या पावलाला जाते. फोन जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड रबराने बांधलेलं. उलटीची गोळी नाश्त्यानंतर, बोटीत चढायच्या आधी अर्धा तास. बोटीत चढल्यावर घेतलेली गोळी थेट समुद्रात जाते, हे मी मागच्या एका प्रवासात शिकले आहे. आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याच प्रवासवर्णनात नसते: चार-पाच तास सोय नाही असं धरूनच चालायचं. मी सकाळचा चहा अर्धा कप घेतला आणि दिवसभर त्या अर्ध्या कपाची आठवण काढली.

साडेआठला थळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. नाखवा समुद्राकडे बघतच नव्हते. ते पाठमोरे उभे राहून जमिनीकडे, खत कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होते. थळचा तो आरसीएफचा कारखाना आम्ही येता-जाता बघून नाक मुरडतो. नाखव्यांचं ते वाऱ्याचं घड्याळ. धूर समुद्राकडे वाकलेला होता, म्हणजे मतलई अजून चालू आहे, जमिनीवरचा वारा आहे, पाणी सपाट राहणार. "धूर उलटला का वारा उलटला," ते म्हणाले. "मग लाट बसते. बाराच्या मागं."

बोट तीस फुटांच्या आतबाहेरची, निळी-पिवळी, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हळदकुंकू आणि सुकलेला झेंडूचा हार. बरोबर त्यांचा मुलगा, इंजिन तो बघतो. जॅकेटं खरोखरच निघाली, खारट कुबट वासाची, एकाचं बक्कल तुटकं. ते मुलाने स्वतः घातलं आणि नायलॉनच्या दोरीने गाठ मारली. इंजिन चालू झालं तसं बोलणं बंद पडलं. ते दोन तुकड्यांचं धडधडणं पायातून चढून दातांपर्यंत येतं.

किनाऱ्यावरून बघणाऱ्याला दोन बेटं दिसतात. जवळचं लहान, बसकं, ती उंदेरी. मागचं दोन टेकड्यांचं, दीपगृहाचं, ती खांदेरी. आम्ही उंदेरीच्या अंगाने गेलो. बुरुज अजून उभे आहेत, मधे झाडी माजलीय, आणि तटाच्या पायथ्याशी लाटा इतक्या संथ येत होत्या की भाचा म्हणाला, "मावशी, इथे उतरू या ना." नाखव्यांनी मान हलवली. खाली खडक आहेत, भरतीत दिसत नाहीत.

उंदेरीच्या पुढे पाण्याचा रंग बदलला. गढूळ तपकिरी होतं ते हिरवट झालं. मासे धरायची डोल जाळी लावायचे खुंट पाण्यातून वर डोकावत होते, त्यांना वळसा घालत, कधी डावीकडे कधी उजवीकडे, बोट निघाली. सरळ रेषेत आपण जातच नव्हतो. मला वाटलं होतं समोर बेट आहे म्हणजे नाळ तिकडे करून जायचं. नाखवा मात्र बेटाच्या बरंच बाजूला धरून चालले होते, आणि बेट हळूहळू आपणच आमच्या समोर सरकत आलं. चढत्या पाण्याची ओढ बोटीला बाजूला नेते, ती आधीच हिशोबात धरलेली. मुलगा ओरडून म्हणाला, "बेटावर नाय, पान्यावर धरायचं!" मला ते नीट कळलं परत येताना.

साधारण चाळीस मिनिटांनी खांदेरीच्या दोन टेकड्यांमधली बेचक समोर आली. धक्का तिथेच आहे, पूर्वेच्या अंगाला. इथे इंजिन मंद केलं आणि पहिल्यांदा कळलं की समुद्र सपाट नाहीये. दुरून न दिसणारी एक लांबलचक लाट बोटीला हात-दीड हात वर उचलत होती आणि तितकीच खाली सोडत होती. समोर पायरी, तिच्यावर हिरवं शेवाळ. बोट वर आली की पायरी गुडघ्याशी, खाली गेली की छातीशी.

"बाय, उडी नाय मारायची," नाखवा म्हणाले. "बोट वर येते ना, ती थांबते एकदा. तवा पाय टाक. खाली जाताना नाय."

ती खरंच थांबते. वर गेलेली बोट खाली यायच्या आधी श्वासभर थांबते. बहीण गेली, भाचा गेला, मेहुणा गेला. मी दोन लाटा नुसत्या मोजल्या, तिसऱ्या लाटेला मुलाने दंड धरला आणि मी पायरीवर होते. गुडघे थरथरत होते. नाखव्यांनी बोट मागे घेतली, धक्क्यापासून थोडं दूर नांगर टाकला आणि मनगटावर बोट आपटून दाखवलं. साडेबारा.

आमच्याकडे तीन तास होते.

बेट लहान आहे, तासाभरात तटावरून फिरून होतं, पण आमचं झालं नाही. आधी वेताळ. टेकडीच्या पायथ्याशी मंदिर आणि आत मूर्तीच्या जागी एक मोठी गोलसर शिळा, पांढरी रंगवलेली. समोर ताजी फुलं होती, म्हणजे आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. कोळ्यांचा हा देव. नाखव्यांनी निघताना नारळ दिला होता, तो इथे वाढवायचा होता आणि अर्धी वाटी त्यांना परत न्यायची होती. जागतिक वारसा 2025 मध्ये झाला, हे येणंजाणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

मग तो दगड. त्याच्याविषयी ऐकलं होतं, तरी खरं वाटलं नव्हतं. इतर दगडांसारखाच दिसणारा एक मोठा खडक, हातात छोटा दगड घेऊन ठोकला की तांब्याचं भांडं वाजावं तसा वाजतो. टण्ण. शेजारच्या खडकावर ठोकलं तर नुसतं ठक्क. वर लहान लहान वाट्यांसारखे खळगे पडलेत, माणसांनी ठोकून ठोकून. भाच्याने तिथे अर्धा तास घालवला. प्रत्येक खळग्याचा आवाज वेगळा येतो हे त्याने शोधून काढलं आणि त्यातून एक ओळखीची चाल बसवायचा प्रयत्न केला, जी आम्हाला कुणालाच ओळखता आली नाही.

तटावर तोफा आहेत. काही नुसत्याच पडलेल्या, काही मात्र चाकांच्या लोखंडी गाड्यावर अजून बसलेल्या, गंजून लाल झालेल्या. मला सगळ्यात जास्त आवडलं ते तटाच्या बाहेरचं काम. बेटाभोवती पाण्याच्या कडेला मोठाले दगड नुसते टाकून ठेवलेत, एकावर एक, वेडेवाकडे. वरून पाहिलं तर वाटतं बांधकाम ढासळलंय. ते ढासळलेलं नाही, ते तसंच टाकलेलं आहे. लाट त्यांच्यावर फुटते आणि तटाला लागत नाही. आणि त्यांच्यावर कालवं चिकटलेली असतात, धारदार पात्यासारखी. शत्रूची होडी त्यांना लावता येत नाही, आणि लावलीच तर अनवाणी माणसाला त्यावरून चढता येत नाही. मेहुण्याने खाली उतरून बघायचा आगाऊपणा केला आणि तळहात कापून घेतला. सँडल होते म्हणून पाय वाचले. हळद नव्हती, बहिणीने पाण्याने धुऊन रुमाल बांधला.

दक्षिणेच्या उंच टेकडीवर दीपगृह. 1867 पासून चालू आहे. लहानपणी वाळूवर बसून बघितलेला दिवा हाच. पायथ्याशी उभं राहून किहीमचा किनारा शोधला. सुरूची रेघ दिसली, मामाचं घर अर्थातच दिसलं नाही. तिथे आता तिसऱ्या मालकाचा बंगला आहे.

मी पूर्वेच्या तटावर येऊन बसले, थळकडे तोंड करून. भाकरी काढली. शाळेत खांदेरी एका वाक्यात शिकलो होतो: शिवाजी महाराजांनी बांधली, इंग्रजांना शह दिला. इथे बसून ते वाक्य पाण्यात उतरल्यासारखं वाटलं. समोर चार-पाच किलोमीटरवर थळ. उजव्या हाताला जरा अलीकडे उंदेरी. डावीकडे उत्तरेला, धुरकट, मुंबईच्या इमारती. 1679 च्या ऑगस्टअखेर, म्हणजे ऐन पावसाळ्यात, महाराजांचा मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं घेऊन इथे उतरला आणि भिंत घालायला लागला. आम्ही जानेवारीच्या सपाट पाण्यात, इंजिनाच्या बोटीतून, चाळीस मिनिटांत आलो आणि माझे गुडघे थरथरत होते. ती माणसं श्रावण-भाद्रपदात वल्ह्यांनी आली, तोफा आणि दगड-चुना घेऊन.

मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून थळ आणि बेटाच्या मधली हीच खाडी अडवायला बघितली. सप्टेंबरात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. ती पायरी आणि तो हेलकावा पाहिल्यावर मला त्या थॉर्पची थोडी दयाच आली. 18 ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार चालून आलं, इंग्रजांचं डव्ह नावाचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. बाकीची जहाजं टिकली, वेढाही चालू राहिला. पण वेढ्याचा उपयोग काय? मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं आणि वारा लागतो. वारा पडला की ते लाकडाचा ओंडका. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, वारा असो नसो, वल्ह्यांवर निघायच्या, अंधारात रसद पोचवायच्या आणि परतायच्या. नाखव्यांनी खुंटांना वळसे घालत आणलेली वाट आठवली. ती वाट ज्याला माहीत त्याच्यासाठी ही खाडी रस्ता आहे, ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी नुसतं पाणी. पुढच्या जानेवारीत, म्हणजे 1680 ला, जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावून तिथे तटबंदी केली, कारण खांदेरी घेता येत नव्हती. आणि इंग्रजांनी वेढा उठवला. 1718 मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा इथे कान्होजी आंग्रे होते, आणि तेव्हाही जमलं नाही. 1998 पासून बेटाला त्यांचंच नाव आहे, पण थळला कुणी ते वापरताना मी तरी ऐकलं नाही. खांदेरी ती खांदेरी.

हे सगळं मी भाच्याला सांगत होते, तो ऐकतही होता, आणि एवढ्यात खालून भोंगा वाजला. मग शिट्टी. मग भोंगा आणि शिट्टी. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

धावत खाली आलो. सकाळी गुडघ्याशी असलेला खेळ आता उलटा झाला होता. पाणी उतरलेलं, सकाळी पाण्याखाली असलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, सगळ्या शेवाळलेल्या, आणि बोट खाली खोल. नाखवा एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बसून, हात टेकून, एकेक पायरी घसरत उतरलो. साडीतल्या बायका इथे कशा येत असतील असं मी म्हणाले तर मुलगा म्हणाला, "आमच्या येतात ना. नऊवारीत. तुमच्यापेक्षा लवकर उतरतात."

नारळाची वाटी मी विसरले नव्हते. ती दिली तेव्हा नाखव्यांचा चेहरा जरा सैल झाला. अर्धी त्यांनी नाळेवर ठेवली, उरलेल्याचे तुकडे सगळ्यांना दिले.

धुराड्याचा धूर उलटला होता. आता तो जमिनीकडे, डोंगराकडे वाकलेला. वायव्येचा वारा लागला होता आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी पांढरं फुटत होतं. लाट मागून तिरकी येत होती, बोट तिच्यावर चढायची, एका बाजूला कलायची, मग घसरत खाली. तोंडावर खारं पाणी. बहिणीने डोळे मिटून रामरक्षा चालू केली, भाचा ओरडत होता, आनंदाने. मी क्षितिजाकडे बघत बसले, कारण उलटी येत असेल तर क्षितिज बघावं असं सांगतात. गोळी आणि क्षितिज यांपैकी कशाने भागलं माहीत नाही, पण भागलं. नाखवा उभे होते, सुकाणू पायाच्या पोटरीने दाबून धरलेलं, हातात विडी. या वेळी त्यांनी नाळ थळच्या धक्क्यावर धरली नव्हती, आणि या वेळी मी विचारलं नाही. पाणी खाडीतून बाहेर ओढत होतं, ते आम्हाला नेणार होतं आणि आपण ते नेणार हे धरून चालायचं होतं. बेटावर नाही, पाण्यावर.

मात्र उशीर तो उशीरच. उंदेरी ओलांडेपर्यंत दोन वाजत आले. किनारा समोर, धक्का समोर, धक्क्यावरची माणसं दिसताहेत, आणि बोटीचा तळ खरवडल्यासारखा आवाज आला. मुलाने इंजिन बंद केलं. एकदम शांतता. वल्ह्याने ढकलून अजून थोडं पुढे आणलं आणि मग बोट बसली. चिखलात, आरामात, म्हशीसारखी.

"आता?" मेहुण्याने विचारलं.

"आता संध्याकाळी भरतं पानी," नाखवा म्हणाले. "सातला उठेल बोट. बसायचं तर बसा. नायतर चिखल हाय."

म्हणून चिखल. मुलगा आधी उतरला, मांडीपर्यंत पाणी, त्याखाली पोटरीपर्यंत गाळ. जिथे पाऊल टाकतो तिथेच टाका, म्हणाला. मी सलवार वर खोचली, फोनची पिशवी दातात धरली आणि उतरले. तो चिखल थंड असतो, मऊ असतो, आणि पाय सोडत नाही. प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं, आणि निघताना तो चक्क आवाज करतो. दीडशे पावलं असतील. पट्ट्याच्या सँडलचं कौतुक मी वर केलंय, त्यातला डावा चाळिसाव्या पावलाला आत राहिला. मी वाकून हात घालून शोधू लागले तर मागून नाखवा ओरडले, "सोड बाय, त्यो गेला!"

धक्क्याजवळ एका आजींनी त्यांच्या दारातल्या नळावर पाय धुवायला पाणी दिलं. आत न्हाणीघर आहे, जा, असंही आपण होऊन म्हणाल्या. मी त्यांच्या पायाच पडणार होते. बाहेर आले तर त्या बहिणीला बोंबील दाखवत होत्या. आम्ही एक किलो घेतले, घासाघीस न करता.

उरलेले अडीच हजार द्यायला गेले तेव्हा नाखवा अजून बोटीतच होते, भरतीची वाट बघत, पाय पसरून. पैसे मुलाकडे द्या म्हणाले. मी वर पाचशे ठेवले, उशीर आमच्यामुळे झाला, त्यांची दुपार आमच्यामुळे गेली. मुलाने ते मोजले, पाचशे परत केले, आणि म्हणाला, "बाबा बोलतात उंदेरी पन बघायची असंल तर भांगेला या. पंचमी-बिंचमी नको."

पुण्याला परतताना मी एका पायात सँडल आणि एका पायात भाच्याचा क्रीडातासाचा बूट घालून बसले होते. पुढची अष्टमी शोधायला मेहुण्याने गाडीतच पंचांग उघडलं. आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला थळला पोचायचं तर अलिबागला मुक्काम हवा.